नदीकडचा खांदा

९ जानेवारी, शुक्रवार

नाही, हे तुमचं चुकतंय. आधी ऐकून तरी घ्या. हात न लावता भिंत कशी वाचवणार, असं तुम्ही म्हणताय, आणि मी म्हणतोय की हात लावून लावूनच ती मरायला टेकलीये. तेल लावा, ओल्या फडक्याने पुसा, नवरात्रात कुंकू फासा. आता जरा लांबून बघू द्या ना कुणाला तरी.

तुम्ही म्हणजे कोण ते मला माहीत नाही. डायरी खासगी असते म्हणे. मग वाचताय कशाला? आणि वाचताय तर मधे मधे बोलू नका.

तर भिंत. आमच्या देवळाच्या सभामंडपातली. गाव म्हणायचं म्हणून गाव, नाशिकच्या महापालिकेने ते कधीच गिळलंय. एका अंगाला गंगा, म्हणजे आमची गोदावरी, दुसऱ्या अंगाला रस्ता, मधे आमचे झेंडूचे वाफे आणि देऊळ. गाभाऱ्यात देवीचा तांदळा आहे, नुसता शेंदरी दगड, पण गावाचा खरा जीव बाहेरच्या भिंतीवर रंगवलेल्या देवीत. पुरुषभर उंच, हिरवं लुगडं, उजव्या हातात तलवार. सगळे तिला भिंतीवरची आई म्हणतात. पेशवाईतली असावी असं मंजुषा मॅडमचं मत आहे.

मंजुषा मॅडम पुण्याहून आल्यात. जुनी भित्तिचित्रं तपासतात. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, वेगवेगळ्या उजेडात फोटो काढायचे आणि भिंतीला कुठे काय दुखतंय ते ओळखायचं. त्यांनी मला दिवे धरायला आणि गावाशी बोलायला घेतलंय. मराठीत एम.ए. झालेला, क्रियापदाशिवाय कादंबरी लिहिणारा मुलगा दिवे धरतोय. हसा.

आणि घाई यासाठी की सिंहस्थ आलाय. पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्या शेठने सभामंडपाला टाईल दान केल्यात. खोकी येऊन पडलीयेत, आईच्या पायाशीच. शिवरात्रीच्या आत काम उरकायचंय. आमचं देऊळ सरकारच्या कुठल्याच यादीत नाही, त्यामुळे कायदा मधे पडत नाही. मॅडमनी महिनाअखेरपर्यंत देवळाच्या कमिटीला पटवलं तर भिंत राहील. नाहीतर टाईल.


१२ जानेवारी

आज तिरपा उजेड. दिवा भिंतीच्या अगदी कडेला धरायचा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जातो. समोरून गुळगुळीत दिसणारी आई एकदम म्हातारी दिसायला लागली. फुगवटे, भेगा, सुटलेले पापुद्रे. माझा हात थरथरला की तिच्या गालावरच्या सावल्या थरथरायच्या.

"दिवा स्थिर धर, साई. कादंबरीचा विचार नंतर."

मॅडमना कसं कळलं कोण जाणे.


१३ जानेवारी

आज. भिंत. तिरपा उजेड. टाईलची खोकी, वर बसलेलं मांजर. कमिटीचे अध्यक्ष निवृत्तीकाका, काकांचं पोट, काकांचा प्रश्न. मी, दिवा, गप्प.

क्रियापदाशिवाय दोन ओळी होतात. मग दम लागतो.


१६ जानेवारी

द्राक्षबागेतली काळी ताडपत्री मंडपाला बांधून भरदुपारी अंधार केला आणि इन्फ्रारेड कॅमेरा लावला. हा कॅमेरा वरच्या रंगातून आरपार बघतो. खाली कोळशाने काढलेल्या पहिल्या रेघा असल्या तर त्या दिसतात.

दिसल्या. तलवारीच्या खाली दुसराच हात आहे. मोकळा, तळवा पुढे, काहीतरी देत असल्यासारखा. चितारी आधी देणारा हात काढत होता आणि मग त्याने विचार बदलला. किंवा कुणीतरी त्याला बदलायला लावला.

मॅडमनी स्क्रीनवर तो तळवा मोठा करून घेतला. मी विचारलं, "आता हे सांगितलं तर कमिटी भिंत ठेवेल ना?"

"तुला काय वाटतं?"

मला वाटतं ठेवेल. कोण पाडेल असं काही कळल्यावर?


१९ जानेवारी, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो, क्रियापदांसकट.

आधी तुम्हाला कौल सांगायला हवा. आमच्याकडे अडलेल्या गोष्टीला आईला कौल लावतात. झेंडूच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून आईच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या. एक खांदा नदीकडचा, एक रस्त्याकडचा. नदीकडची पाकळी आधी पडली तर हो. रस्त्याकडची आधी पडली तर नाही. पाकळ्या चिकटवणार भिमाजी गुरव, पण फुलं आणायचा मान आमच्या घराचा. आमची लंकाआत्या पाकळ्या भिजवते आणि गुरवाच्या हातात देते. तिच्या आधी आजी द्यायची.

आणि आई नेहमी नाही म्हणते. हा गावातला जुना विनोद आहे. "हो म्हणायला ती काय सासू हाये का, आई हाये," असं भिमाजी म्हणतो. म्हणून लोक कौल लावतातच तो नको असलेल्या गोष्टीला. भावाला वाटणी द्यायची नाही, लाव कौल. पोरीला पुण्यात हॉस्टेलला ठेवायचं नाही, लाव कौल. नकार आपण द्यायचा नाही, आईकडून द्यायचा.

तर आज थर्मल कॅमेरा होता. मी दोन दिव्यांनी लांबून भिंत जराशी उबवली आणि मॅडमनी भिंतीच्या उष्णतेचा फोटो घेतला. ओली जागा थंड असते, ती निळी दिसते. गिलावा आतून सुटून पोकळ झाला असेल तर ती जागा पटकन तापते, पिवळी दिसते.

नदीकडचा खांदा गडद निळा. रस्त्याकडचा पिवळाधमक.

मॅडम सांगत होत्या की नदीकडून ओल चढतेय, तो खांदा कायम दमट. रस्त्याकडचा पोकळ, वर लोणा, म्हणजे भिंतीतून फुटणारा पांढरा क्षार, लागलेला, पावडर झालेली. मी ऐकतच नव्हतो. म्हटलं, "मॅडम, म्हणजे दमट जागेवर ओली पाकळी चिकटून राहणार आणि लोण्यावरची पडणार. दर वेळी."

"पडेलच. ती भुकटीवर चिकटणार कशी?"

म्हणजे आई नाही म्हणत नव्हती. भिंतीला ओल होती. पिढ्यान्‌पिढ्या गावाने ओलीला विचारलं आणि लोण्याने उत्तर दिलं. कादंबरी सापडली मला. ही. ही खरी.


२० जानेवारी

सकाळी आत्याला फोटो दाखवला. राहवलंच नाही.

ती ओट्यावर हार गुंफत बसली होती. आत्याची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. लग्नानंतर वर्षात नवरा गेला, ती परत आली. तेव्हा नवरात्रात आईचा खण शिवायला देवळाली कॅम्पातून एक शिंपी यायचा, फौजी लोकांचे गणवेश शिवणारा. त्याचीही बायको गेलेली. त्याने आत्याला मागणी घातली. विधवेचा पाट लावायची, दुसरं लग्न करून द्यायची चाल आमच्यात होतीच, पण आजोबांनी स्वतः नाही म्हणण्यापेक्षा कौल लावला. रस्त्याकडची पाकळी पडली. पुढच्या नवरात्रापासून शिंपी आला नाही. घरात हे असं सांगतात की आईने लंकेला आपल्या सेवेला ठेवून घेतलं. आत्या पण तसंच सांगते, हसत.

मी म्हटलं, "आत्या, हे बघ. हे निळं म्हणजे ओल. हे पिवळं म्हणजे पोकळ."

"हा आईचा फोटू?"

"आईच्या अंगातल्या तापाचा फोटो समज. आता ऐक. ह्या पिवळ्यावर पाकळी टिकणारच नाही. तुझ्या वेळी पण टिकणार नव्हती. कुणाच्याच वेळी नाही."

तिने सुई हारात खोवली. मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"म्हंजी आई काय बोललीच नव्हती?"

"नाही ना. तेच तर."

"आणि ह्या निळ्यावरची कधीच पडत नाय?"

"ओली असली तर नाही पडत."

"आसं."

मोबाईल परत दिला आणि हार गुंफायला लागली. मला वाटलं होतं ती काहीतरी म्हणेल. निदान हसेल. चार फुलं ओवल्यावर म्हणाली, "तुझ्या आजोबांना म्हाईत आसंल का रं हे?"

म्हटलं, त्यांना कसं माहीत असणार, तेव्हा थर्मल कॅमेरा कुठे होता.

"कॅमेरा नव्हता," ती म्हणाली. "पर आई कायम नाय म्हणती हे म्हाईत व्हतं."

तिचा हार आज जरा सैल झाला. दादांनी, माझ्या वडिलांनी, परत गुंफायला लावला. वय झालंय तिचं.


२२ जानेवारी, गुरुवार

कमिटीची बैठक. मंडपातच, टाईलच्या खोक्यांवर बसून. मॅडमनी चादरीवर सगळे फोटो दाखवले. तिरपा उजेड, तलवारीखालचा मोकळा हात, सगळं. कौलाचं मात्र मी त्यांना बोलू दिलं नाही, गाव चिडेल म्हणून. सगळे पुढे सरकून बघत होते. भिमाजीने तर त्या मोकळ्या हाताला नमस्कार केला. मला वाटलं, जिंकलो.

मग निवृत्तीकाका बोलले. 

"मॅडम, फोटू लय भारी. एकेक खपली दिसती. सगळं आलं का यात? काही राहिलं नाही ना?"

"काही राहिलं नाही," मॅडम म्हणाल्या. जरा अभिमानाने म्हणाल्या.

"मग आता भिंत कशाला पाहिजे?"

काकांनी टाईलच्या खोक्यावर थाप मारली.

"नाही, मी विचारतो. आई तर तुमच्या मशिनीत आली. हाच फोटू टाईलवर छापून घेऊ. पिंपळगावला छापतात तसले. ओल नाही, पापुद्रे नाही, रोज पुसा."

मॅडम बराच वेळ त्यांना समजावत होत्या की फोटो म्हणजे भिंत नव्हे, एक्सरे काढला म्हणून माणूस जाळत नाहीत. काका मान डोलवत होते. मला पहिल्यांदा ह्या सगळ्या यंत्रांची भीती वाटली. आम्ही इतकं चांगलं काम केलं होतं की भिंतीची गरजच संपली.

शेवटी भिमाजी म्हणाला, "आईच्या भिंतीचं आईलाच इचारा की."

काका हसले. "आई काय म्हणती म्हाईत हाये सगळ्यांना. प्रश्न कोण कसा टाकतो त्यावर हाये."

पण गावाच्या कौलाची पण रीत आहे. फुलं ज्यांची, प्रश्न त्यांचा. आमचा. आईसमोर काकांना नको म्हणता येईना. मंगळवारी कौल ठरला.

मी घरी पळतच आलो. आत्याला म्हटलं, "असं विचारायचं: आई, तुझ्या भिंतीला टाईल बसवायची का? नीट लक्षात ठेव. उलटं विचारलंस तर गेलं सगळं."

"टाईल बसवायची का," ती म्हणाली. "इचारते."

मला माहितीये, ही फसवणूक आहे. आजोबांनी केली तीच. पण मी चांगल्यासाठी करतोय. ते पण असंच म्हणाले असतील, असं तुम्ही आत्ता मनात म्हणालात. ऐकू आलं मला.


२४ जानेवारी

मॅडमशी वाजलं. रस्त्याकडच्या खांद्यावरचा एक पापुद्रा जास्तच सुटलाय. त्यांना त्यावर पातळ जपानी कागद चिकटवून तो धरून ठेवायचाय. मी म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबा. कागद लावला तर पाकळी कागदावर टिकेल.

"साई, तो तुकडा पडू शकतो."

"तीन दिवस, मॅडम. नाहीतर सगळी भिंतच जाईल."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "भिंत पडतेय हे दिसत असताना मी कधी थांबले नव्हते. एका फुलासाठी थांबायचं."

थांबल्या.


२७ जानेवारी, मंगळवार

काय लिहू.

मंडप भरला होता. आत्या इरकल नेसून आली होती, ते तिने कितीतरी वर्षांत बाहेर काढलं नव्हतं. हातात तांब्या, त्यात दोन पाकळ्या. तिने खणखणीत आवाजात विचारलं, मी सांगितलं होतं तस्संच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "आई, तुझ्या भिंतीला टाईल बसवायची का?"

मी मोबाईलवर शूटिंग करत होतो. भिमाजीने हात पुढे केला. आत्याने आधी रस्त्याकडची पाकळी दिली, पाणी ठिबकत होतं. मग नदीकडची काढली, पाकळी धरलेला ओला हात सवयीने पदराला पुसला, आणि दिली. भिमाजीने अंगठ्याने दाबून चिकटवल्या. माझं सगळं लक्ष पिवळ्या खांद्यावर. म्हणजे रस्त्याकडच्या, पण मला तो आता पिवळाच दिसतो. मनात म्हणत होतो, पड. पड बाई.

नदीकडची पडली.

अलगद, तिरकी होत, टाईलच्या खोक्यावर.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. आईला हो म्हणताना कुणी पाहिलंच नव्हतं. मग एका बाईने हात जोडले, मग सगळ्यांनीच. निवृत्तीकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. आणि त्यानंतर, सगळं संपल्यावर, रस्त्याकडची पण पडली. एकटी नाही, खांद्याच्या रंगाची कपची घेऊन. हिरवा काठ होता त्यावर. मॅडम गुडघ्यावर बसून ते तुकडे कागदात गोळा करत होत्या आणि लोक त्यांना ओलांडून आईच्या पाया पडायला जात होते.

आत्या तिथेच उभी होती, आईकडे बघत.

"आई हो म्हणाली," मला म्हणाली. सांगत नव्हती. नुसतीच म्हणाली.


२८ जानेवारी

शूटिंग पुन्हा पुन्हा पाहिलं. आत्याचा हात, तांब्या, पदर, भिमाजीचा अंगठा, पाकळी. काहीही चुकीचं नाही. मग निळ्यावरची पडली कशी?

एकच कारण असू शकतं. आमचे दिवे. थर्मल फोटोसाठी भिंत उबवली तेव्हा नदीकडची ओल सुकली. आम्हीच सुकवली. मीच, दिवा मीच धरला होता. मॅडमना म्हटलं तसं. म्हटलं म्हणजे ओरडलो. म्हटलं, हात लावत नाही म्हणता आणि भिंतच बदलून टाकता.

त्या शांत होत्या. "एवढ्याशा उबेने ती ओल जात नाही. ती जमिनीतून येतेय. बोट लावून बघ."

बोट लावलं. गार होती. ओली होती.

"मग कशी पडली?"

त्यांनी माझा मोबाईल घेतला. एकदा पाहिलं. परत मागे नेलं आणि एका ठिकाणी थांबवलं.

"ह्या तुमच्या आत्या ना? शिंप्याची गोष्ट सांगितलीस त्या?"

"हो. का?"

"काही नाही." मोबाईल परत दिला. "त्यांना तू थर्मल फोटो दाखवला होतास का?"

"सगळ्यात आधी त्यांनाच."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भिंतीचं सगळं दिसलं आपल्याला. चल, वायरी गुंडाळ."

शास्त्रज्ञ हरले की असे गूढ होतात.


२ फेब्रुवारी

मॅडम गेल्या. जाताना कमिटीला विनवून गेल्या की निदान टाईल भिंतीला चिकटवू नका, पुढे चौकट ठोकून त्यावर बसवा, मागे हवा राहू द्या. काका "हो हो, बघू" म्हणाले.

आज मिस्त्री आला. सिमेंट धरायला हवं म्हणून छिन्नीने भिंतीला खाचा पाडतोय. पायाकडून सुरुवात केलीये. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "साई, आईनेच सांगितलंय ना बाबा. तुमच्याच फुलांनी."

मी पुलावर जाऊन उभा राहिलो. टकटक तिथपर्यंत येते.

सगळे फोटो माझ्याकडे पण आहेत. मॅडमनी कॉपी दिली. प्रत्येक भेग, प्रत्येक ओल, मोकळा हात. एवढं मोठं करून बघता येतं की ब्रशचा केस दिसतो. कशालाच काही करता येत नाही.


४ फेब्रुवारी, बुधवार

टकटक आज खांद्यापर्यंत पोचेल. नदीकडच्या. मी जाणार नाही बघायला.

आत्या सकाळपासून वेगळीच आहे. वेणी घातली, इरकल नेसली. मला म्हणाली, "गाडी काढ. देवळालीला जायचंय, कॅम्पात. चोळी शिवायची."

"इथे गल्लीत टेलर आहे की, आत्या."

"इथला नको."

"तिथले जुने शिंपी आता कुठे असणार? दुकानं बदलली, माणसं बदलली."

"आसंल नाय तर नसंल. बघून तर येऊ." मग दारात थांबली. "तुझा मोबाईल घे बरोबर. तो निळापिवळा फोटू हाये ना त्यात? पुसू नको. दाखवायचाय."

"कुणाला?"

चपला घालत होती.

भिंतीची आठवण म्हणून हवी असेल तिला. एवढी वर्षं फुलं वाहिली, भिंत जाताना बघवत नसेल, म्हणून तर निघतेय गावाबाहेर. म्हातारी माणसं असंच करतात. मला मात्र एक कळत नाही की ती रडत का नाही. मी दोन दिवस नीट जेवलो नाही, आणि ही आरशापुढे उभी.

तुम्ही काहीतरी म्हणताय. केव्हाचं बघतोय, मंगळवारपासून तुमच्या तोंडावर येऊन थांबलंय. मॅडमच्या पण आलं होतं. नका सांगू. खरंच नका. खाली ती गाडीवर बसलीये, पदर खोचून, आणि हॉर्न वाजवतेय. तिला हॉर्न वाजवता येतो हे मला आज कळलं.

चाललो मी.